बापजाद्यांची यादी आणि एका मुलीचा नकार

अयान हिर्सी अली या सोमाली बाईचे आत्मकथन २००६ साली डच भाषेत निघाले आणि २००७ साली ‘इन्फिडेल’ या नावाने इंग्रजीत आले. इन्फिडेल म्हणजे काफर. इस्लाम सोडलेल्या बाईचे पुस्तक म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक खडबडून जागे होतात. एकांना ते मुसलमानांवर भिरकावायला दगड म्हणून हवे असते. दुसरे म्हणजे आपलेच पुरोगामी मित्र. पहिल्यांच्या हाती दगड जाऊ नये म्हणून ते पुस्तक कपाटात मागे सरकवून ठेवतात. वाचत कोणीच नाही. आम्ही ते वाचले आणि चळवळीच्या वाचकांनी ते का वाचावे, हे सांगण्यासाठी आज लिहीत आहोत.

पुस्तकाची सुरुवात देवाधर्मापासून होत नाही, ती कुळापासून होते. आजी लहानग्या अयानला समोर बसवून बापजाद्यांची नावे पाठ करून घेते. स्वतःचे नाव, मग बापाचे, आज्याचे, पणज्याचे, असे मागे मागे जायचे. चुकले की मार. परक्या मुलखात हीच नावे तुला वाचवतील, असे आजीचे म्हणणे. पण ही सगळी यादी पुरुषांची! तीत आईचे नाव नाही आणि पाठ करून घेणाऱ्या आजीचेही नाही. यादीत जिला जागा नाही, तिच्याच हाती ती राखण्याची छडी दिलेली. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी जातीची तटबंदी राखण्यासाठी बाईच्या अंगावर कशा लादल्या गेल्या, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले. तो निबंध ज्याने वाचला आहे, त्याला अयानची आजी परकी वाटणार नाही.

कोणी म्हणेल, सोमाली कुळ म्हणजे काही जात नव्हे. बरोबर आहे. पण त्याच सोमाली समाजात लोहारकाम करणारे तुमाल आणि शिकार व कातडीकाम करणारे मदिबान यांच्याशी ‘उच्च’ कुळे सोयरीक करत नाहीत. तेही मुसलमान, हेही मुसलमान. समतेचा धर्म स्वीकारूनही रक्ताची शुद्धता सुटली नाही. ही गोष्ट आम्हांला कोणी नव्याने शिकवायला नको.

अयानचा जन्म १९६९ साली मोगादिशूत झाला. वडील हिर्सी मगन इस्से हे हुकूमशहा सियाद बारे यांचे विरोधक, त्यामुळे तुरुंगात. शिकलेला माणूस, मुलींची सुंता करायची नाही, असे त्यांचे मत. पण ते तुरुंगात आणि आईही घरी नसताना आजीने डाव साधला. पाच वर्षांची अयान, तिची धाकटी बहीण हवेया आणि भाऊ, तिघांचीही सुंता एकाच वेळी उरकली. मुलाची सुंता आणि मुलीची सुंता या एकसारख्या गोष्टी नव्हेत. मुलीचा अवयव कापून काढतात आणि सोमाली रीतीप्रमाणे जखम शिवून टाकतात. लग्न होईपर्यंत ती शिवण हाच तिच्या ‘अब्रू’चा पुरावा. हवेयावर त्याचा झालेला परिणाम अयानने लिहिला आहे. ती पाने एका बैठकीत वाचून होत नाहीत.

युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे आज जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि बाया ही जखम घेऊन जगत आहेत. ही रूढी इस्लामपेक्षा जुनी आहे. कुराणात तिचा आदेश नाही आणि इथिओपियातले, इजिप्तमधले ख्रिस्तीही ती पाळत आले आहेत. अयान स्वतः हे कबूल करते. मात्र धर्माच्या नावाने ती टिकवली जाते, असेही बजावते. आफ्रिकेची गोष्ट म्हणून हात झटकायलाही आम्हांला जागा नाही. मुंबईतल्या दाऊदी बोहरा घरांत मुलींचा खतना होत आला आहे. त्याच समाजातल्या बायांनी त्याविरुद्ध तोंड उघडले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला.

सोमालियातून सौदी अरेबिया, तिथून इथिओपिया, मग केनियातले नैरोबी, अशी या कुटुंबाची फरफट झाली. नैरोबीत कुराण शिकवायला येणाऱ्या माणसाने तिचे डोके भिंतीवर आपटून कवटी फोडली. तरीही हीच मुलगी पुढे एका शिक्षिकेच्या प्रभावाखाली आपणहून पायघोळ काळा हिजाब घालू लागली. सलमान रश्दींना ठार मारण्याचा फतवा १९८९ साली निघाला, तेव्हा तो तिला योग्यच वाटला. पुस्तकातला हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे बंड करणारी बाई आधी किती मनापासून श्रद्धाळू होती, हे ती लपवत नाही.

१९९२ साली वडिलांनी कॅनडात राहणाऱ्या एका नातेवाइकाशी तिचे लग्न ठरवले. जर्मनीमार्गे तिकडे जायचे होते. जर्मनीत उतरल्यावर तिने रेल्वे पकडली आणि जुलै महिन्यात हॉलंड गाठले. आश्रय मागताना आडनाव बदलले. लग्नातून पळाले म्हटले तर आश्रय मिळणार नाही, म्हणून यादवी युद्धातून पळाल्याचे सांगितले. नवरा शोधत आला. लुंतेरनच्या आश्रितांच्या छावणीत कुळातले वडीलधारे पुरुष गोल करून बसले. आमच्या भाषेत सांगायचे तर जातपंचायतच! तिने मारहाणीचे, दारूचे कोणतेही गाऱ्हाणे मांडले नाही. माझा आत्मा तयार नाही, एवढेच सांगितले. आणि त्या पंचांनी ते मान्य केले. पंचायत म्हटली की राक्षसच असे रंगवण्याची सोय इथे नाही. वडिलांनी मात्र तिला टाकले.

नंतरची दहा वर्षे झाडलोटीची, कारखान्यातली आणि दुभाषाची. गर्भपाताच्या दवाखान्यांत, मार खाऊन आलेल्या बायांच्या आश्रयगृहांत ती सोमाली बायांचे बोलणे डचमध्ये सांगत असे. लायडन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर धर्मग्रंथ पुन्हा उघडले आणि २००२ मध्ये तिने श्रद्धा सोडली.

त्या वेळी ती डच मजूर पक्षाच्या अभ्यासकेंद्रात नोकरीला होती. मुसलमान घरांत मुली मारल्या जातात, त्यांची नोंद ठेवा, हे तिचे म्हणणे डाव्या मंडळींना अडचणीचे वाटू लागले. स्थलांतरितांवर आधीच राग आहे, त्यात तेल कशाला, असा हिशेब. उजव्या उदारमतवादी पक्षाने तिला तिकीट दिले आणि जानेवारी २००३ मध्ये ती खासदार झाली. तिथे तिने सुंतेविरुद्ध आणि ‘अब्रू’साठी होणाऱ्या खुनांविरुद्ध आवाज उठवला. अशा खुनांची वेगळी नोंद पोलिसांनी करावी, ही मागणी तिचीच. २००४ साली तिने थिओ व्हान गॉग यांच्याबरोबर ‘सबमिशन’ हा छोटा चित्रपट केला. २ नोव्हेंबर २००४ रोजी अॅमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात व्हान गॉग यांचा खून झाला. मारेकऱ्याने प्रेतावर सुऱ्याने चिठ्ठी खोचली. धमकी अयानला होती.

मग सगळ्यांचे उदारमत उघडे पडले. हिच्यामुळे आमच्या जिवाला धोका, म्हणून शेजारी कोर्टात गेले आणि कोर्टाने २००६ मध्ये तिला घर सोडायला सांगितले. त्याच वर्षी तिच्याच पक्षाच्या मंत्रीणबाईंनी आश्रय घेतानाच्या जुन्या खोट्यावरून तिचे नागरिकत्व गेल्याचे जाहीर केले. ती ही गोष्ट पूर्वीच उघड बोलली होती! नागरिकत्व पुढे टिकले, त्या वादात सरकार पडले आणि अयान अमेरिकेतल्या एका उजव्या अभ्याससंस्थेत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने आपण ख्रिस्ती झाल्याचे लिहिले.

तिचा हा पुढचा रस्ता आम्हांला पटत नाही. सगळ्या मुसलमानांना एका मापात मोजणे तर मुळीच नाही. तिच्याच सोमाली लोकांत एडना अदान इस्माईल या सुईणबाईंनी १९७० च्या दशकात मुसलमान राहूनच सुंतेविरुद्ध बोलायला सुरुवात केली आणि २००२ साली हर्गेइसात बाळंतिणींचे रुग्णालय उभे केले. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. सातच बाया, पण गेल्या. आणि अयानचे पुस्तक हातात नाचवत मुस्लिम भगिनींचा कळवळा दाखवणाऱ्यांना आम्ही एकच विचारतो. बिल्किस बानो प्रकरणातले ११ दोषी ऑगस्ट २०२२ मध्ये सुटले, तेव्हा त्यांना हार घालणारे कोण होते? सर्वोच्च न्यायालयाला ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द करावी लागली.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या अंगणातला आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली आणि २१ वर्षांनी नागपूरला लाखो माणसांसह धम्म स्वीकारला. आपण सोडले ते सर्वांनी मिळून. अयान एकटी निघाली. एकट्या बाईला जो खुर्ची देईल, त्याच्याकडे ती जाणार. डाव्यांनी तिला गप्प बसायला सांगितले नसते, तर ती उजव्यांकडे गेलीच नसती, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण घरातले गाऱ्हाणे बाहेर नेऊ नको, शत्रूला आयते हत्यार मिळेल, हे वाक्य आम्ही आमच्याही सभांमध्ये ऐकले आहे. घरात मार खाणारी, नवरा कार्यकर्ता असलेली बाई बोलू लागली की हेच वाक्य पुढे येते.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. सवर्णांच्या छळाबरोबर महारवाड्यातल्या सासुरवासाचे, सुनांची नाके कापल्याचेही त्यांनी त्यात लिहिले. हे लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. वस्तीतल्या वाचनालयांत ते आहे का, ते आधी पाहावे. नसेल तर आणावे, आणि अयानचे पुस्तकही त्याच मांडणीत ठेवावे. येत्या वर्षावासात बायांची वाचन-बैठक ठरवणार असाल, तर दोन्ही पुस्तकांतली सुरुवातीची प्रकरणे एकाच दिवशी घ्यावीत. अध्यक्षस्थानी बाईच असावी आणि भाषणे पुरुषांनी करू नयेत.