वेगाच्या सरावाला बूट कोणता?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत वेगाने धावण्याचा सराव सर्वांत निकराने कोणी करत असेल, तर तो पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारा तरुण वर्ग होय. जळगावच्या ‘खान्देश रन’सारख्या स्पर्धांमुळे हौशी धावपटू वाढले असले, तरी ज्यांची नोकरी सेकंदांच्या हिशेबावर ठरते ते हेच उमेदवार आहेत. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असून पुरुषांसाठी त्यांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला, तर प्रत्येकी १५ गुण १०० मीटर धावणे व गोळाफेक यांना असतात. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. पुरुषांना २० पैकी २० गुण हवे असतील तर ते अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवावे लागते, म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक राउंड सरासरी साडेसत्याहत्तर सेकंदांत मारावा लागतो. हा वेग अंगवळणी पडावा म्हणून २०० किंवा ४०० मीटरचे टप्पे, मध्ये थोडा दम घेऊन, पुन्हा पुन्हा वेगाने धावले जातात. यालाच इंटरव्हल सराव म्हणतात, आणि त्याला लागणारा बूट रोजच्या सावकाश धावण्याच्या बुटाहून वेगळा असतो.

सावकाश धावताना बहुतेकांची टाच आधी टेकते आणि तिचा दणका मिडसोल, म्हणजे पाय व खालचा रबरी सोल यांच्या मधला फोमचा थर, सोसतो. वेग वाढला की भार चवड्याकडे सरकतो, पाऊल जमिनीवर क्षणभरच टिकते, आणि अशा वेळी फार मऊ फोम रेटा देण्याऐवजी नुसता दबतो. म्हणून वेगाचा बूट हलका, जरा कडक आणि चवड्यापाशी सहज वाकणारा असावा. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले तर धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते, असे प्रयोगांतून दिसले आहे. ऊर्जेतील बचत जशीच्या तशी वेळेत उतरत नाही हे खरे, पण गुणांच्या टप्प्याच्या काठावर असलेल्या उमेदवाराला दोन सेकंदही थोडे नसतात.

टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतील फरकाला ड्रॉप म्हणतात. रोजच्या बुटांत तो बहुधा ८ ते १२ मिलिमीटर, तर वेगाच्या बुटांत त्याहून कमी असतो, आणि तो जितका कमी तितका पोटरीवर व टाचेमागच्या जाड शिरेवर ताण अधिक येतो. नवा हलका बूट आणून पहिल्याच आठवड्यात रोज दामटणाऱ्याची पोटरी धरते ती यामुळेच; सुरुवातीला आठवड्यातून एकदा, तेही थोड्याच राउंडसाठी, तो घालणे शहाणपणाचे ठरते.

खान्देशात याहून मोठा प्रश्न जमिनीचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात इतकी चिकटते की सोलच्या खाचांत चिखल बसून पहिल्या राउंडलाच बूट जड होतो, मग दुकानात मोजलेल्या हलकेपणाला अर्थ उरत नाही. त्या दिवसांत मुरमाचे मैदान किंवा वाहने नसलेला डांबरी रस्ता बरा. मुरमावर बारीक खडी पायाखालून सरकते, त्यामुळे चवड्याखाली खरे रबर आणि उथळ खाचा असलेला सोल लागतो; वजन वाचवण्यासाठी नुसता फोम उघडा ठेवलेला तळ तेथे लवकर झिजतो. खिळ्यांचे स्पाइक्स मुख्यतः सिंथेटिक ट्रॅकसाठी असतात, आणि टणक जमिनीत ते रुतत नसल्याने पाय उलट निसटतो. भरतीत ते चालतात की नाही, हे त्या वर्षीच्या सूचनांत पाहूनच खर्च करावा.

२०१७ मध्ये नायकीच्या व्हेपरफ्लायने कार्बन पट्टी आणि जाड, उसळी देणारा फोम यांची जोडी लोकप्रिय केली आणि प्रयोगशाळेत सुमारे ४ टक्के ऊर्जा वाचल्याचे आढळले. पुढे वर्ल्ड ॲथलेटिक्सला रस्त्यावरील शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली, तर ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. चार राउंडच्या धावेसाठी इतका महाग बूट घेण्यात फारसे हशील नाही; शिवाय उंच सोल मुरमाच्या वळणावर डुलतो आणि घोटा मुरगळण्याची भीती वाढते. ‘सेगा’ किंवा ‘निव्हिया’चा साधा हलका जोड मापात नीट बसत असेल, तर या कामाला पुरेसा आहे.

मापाकडे मात्र काणाडोळा करू नये. दिवसभराच्या उभ्या राहण्याने आणि उष्म्याने पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, सरावाचेच मोजे घालून पाहावा; अंगठ्यापुढे सुमारे अर्धे बोट जागा असावी आणि दुकानातच चार पावले पळताना टाच वर सरकू नये. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवला तर तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा. मधोमध दुमडणारा बूट वेगात साथ देत नाही. महिलांच्या साच्याचा बूट न मिळाल्याने मुली पुरुषांचा लहान नंबर घेतात तेव्हा टाच बहुधा सैल राहते. वरच्या शेवटच्या भोकातून लेस ओवून घट्ट बांधल्यास हा दोष बराच कमी होतो.

धुळ्यात ज्याचा गट क्रमांक ६ आहे त्या राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर, म्हणजे साडेबारा राउंड धावायचे असतात, तेव्हा तेथे थोडा जाड मिडसोल घेणेच इष्ट. जोड कोणताही असो, ओला झाल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. पत्र्यावर कडक उन्हात टाकलेल्या बुटाचा गोंद सुटतो आणि सोल नेमका वेगात असताना उघडतो.