कोथिंबीर फुलू द्या

पौषातल्या सकाळी आठ वाजता वेळापुरात कुणी मधमाश्या बघायला बागेत गेलं, तर त्याला फुलं दिसतील, फुलांवरचं दव दिसेल, मधमाशी मात्र दिसणार नाही. पारा 11-12 अंशांवर असतो, माणसं चुलीपुढं हात शेकत बसलेली असतात आणि माझ्या वाफ्यातला झेंडू मंगल कार्यालयासारखा सजून पाहुण्यांची वाट बघत असतो. पावणेनऊच्या सुमाराला ऊन कुंपणाच्या भिंतीवर येतं. पहिला पाहुणा तिथंच उतरतो. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागं विटकरी टिकली असलेलं, लिंबावर वाढणारं फुलपाखरू. पंख पुरते पसरून ते उन्हाला पाठ देऊन बसतं. या वेळी बोट जवळ नेलं तरी उडत नाही, नुसतं सरकतं. अंग तापल्याशिवाय त्याचे पंख चालत नाहीत.

मधमाशीचं तसं नाही. तिला स्वतःचं अंग तापवता येतं. पंख न हलवता ती छातीतले उडण्याचे स्नायू थरथरवते. गाडी न्यूट्रलला ठेवून रेस करावी तसं. पोळ्यात अंडी-अळ्या असतात तिथं माश्या अशीच ऊब धरून साधारण 35 अंश तापमान राखतात, बाहेर थंडी कितीही असो. पण ही ऊब फुकट मिळत नाही, त्यासाठी मध जाळावा लागतो. म्हणून पारा 10 अंशांच्या आसपास असला की त्या बाहेर पडत नाहीत. खर्च जास्त, मिळकत कमी, हा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. माझ्याकडं पहिली मधमाशी साडेनऊला येते. म्हणून थंडीतल्या बागेचा पहिला नियम जागेचा आहे: सकाळचं ऊन जिथं सगळ्यात आधी पोचतं तिथं फुलं लावा. पूर्वेला मोकळी आणि उत्तरेच्या वाऱ्याला भिंतीचा आडोसा असलेली जागा असेल, तर पाहुणे तासभर आधी येतात. विलायतेतल्या भुंग्यांवर प्रयोग झाले, त्यांत फुलाच्या रंगावरून ते गरम फूल ओळखायला शिकतात आणि तेच निवडतात असं दिसून आलं. थंडीच्या दिवसांत चहा गरम मिळतो त्या टपरीवर आपण जातो, त्यातलाच प्रकार.

बागकामाच्या पुस्तकांनी आपली एका बाबतीत दिशाभूल केली आहे. ती बहुतेक थंड देशांत जन्मली किंवा त्यांच्यावरून बेतली. तिथं हिवाळ्यात बाग मेलेली असते आणि वसंताची पहिली फुलं बर्फातून वर येतात. पोळ्यातला साठा संपत आलेला असतो, बाहेर गारठा असतो. त्यामुळं गार वसंतात फुलणारी झाडं लावा, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडं ते सगळं उलटं आहे. आमच्या माळशिरस तालुक्यात थंडी हाच फुलांचा हंगाम. गार वसंत असलाच तर तो पौष-माघात असतो. फाल्गुन सरता सरता उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या घरात जातो. मधपाळांना विचारलंत तर खरी उपासमार भर पावसाळ्यात. महाबळेश्वरकडं तेव्हा पेट्यांमधल्या माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. म्हणजे आपल्या बागेचं काम थंडीत फुलायचं आणि ते फुलणं उन्हाळ्यात जमेल तितकं लांबवायचं. हा अंक तुमच्या हातात दिवाळीत पडेल. पेरायची वेळ हीच.

काय पेरायचं, तर आधी काय पेरू नये ते सांगतो, कारण त्यात माझे पैसे गेलेत. चार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून हौसेनं दुहेरी पाकळ्यांच्या पेटुनियाची दोन डझन रोपं आणली. फुलं अशी की येणाराजाणारा थांबून बघायचा. महिनाभर मी खुर्ची टाकून बसलो. माशी फिरकली नाही. कारण साधं आहे. पाकळ्यांची दाटी वाढवताना बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, आणि मध असला तरी त्या गर्दीतून जीभ पोचत नाही. सातेरी मधमाशीची जीभ ती केवढी! झेंडूचंही तेच. दसऱ्याच्या तोरणातला चेंडूसारखा गच्च झेंडू माणसांसाठी आणि देवासाठी. माश्यांसाठी मखमली, एकेरी, मध्ये पिवळी टिकली उघडी दिसणारा. ती टिकली म्हणजे शेकडो बारीक फुलांचा समूह. सूर्यफुलात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ताटाएवढ्या फुलात हजारभर फुलं असतात आणि ती काठाकडून आत, रोज एक-दोन कडी, अशी उमलत जातात. पंगतीत वाढपी पुढं सरकावा तशी माशी रोज आत सरकते.

रंगाचंही थोडं आहे. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं मधमाश्यांना रंग दिसतात हे रंगीत कागदांवर साखरपाण्याच्या बशा ठेवून सिद्ध केलं. त्यांच्या नाचाची भाषाही त्यानंच उलगडली आणि 1973 मध्ये नोबेल मिळवलं. मधमाशीला निळा, जांभळा, पिवळा चांगला दिसतो, आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. नुसता लाल तिच्या लेखी जवळजवळ काळा. फुलपाखरांपैकी अनेकांना लाल दिसतो. त्यामुळं लाल झिनियावर फुलपाखरं आणि निळ्या साल्व्हियावर माश्या अशी वाटणी माझ्या वाफ्यात आपोआप होते. एकच करा: चिमूटभर बी सगळीकडं विखरू नका. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, हे अ‍ॅरिस्टॉटलनंही नोंदवून ठेवलंय. हातभर लांब, हातभर रुंद असा एकाच फुलाचा ठसठशीत ताटवा असला की तिची पायपीट वाचते.

आता कोथिंबीर. आमच्या शेजारच्या मावशी कुंपणावरून डोकावल्या तेव्हा माझ्या कोथिंबिरीचा वाफा गुडघ्याएवढा वाढून पांढरा झाला होता. "आवं, फुलं आली म्हंजी कोथमीर गेली म्हनायची. उपटा की! वाफा अडवून बसलीया." मी म्हटलं, "मावशी, जरा इकडं येऊन बघा." त्या आल्या. पांढऱ्या, किंचित गुलाबी छत्र्यांवर दहा वाजताच्या उन्हात इतकी वर्दळ होती की वाफ्याचा आवाज येत होता. बहुतेक फुलोरी माश्या, आकारानं लहान, पोटावर तांबूस पट्टा. त्यांचं एकपदरी पोळं त्याच मावशींच्या डाळिंबाच्या फांदीवर होतं. मधमाशीसारखे पट्टे मिरवणाऱ्या, जागच्या जागी तरंगणाऱ्या माश्याही होत्या. या डंख मारत नाहीत. त्यांच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आन् धनं?" धनेही मिळतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

खरं तर दुकानातून बियांचं रंगीत पाकीट आणायच्या आधी स्वयंपाकघरातला डबा उघडावा. धने रगडून दोन करायचे, रात्रभर भिजवायचे आणि बोटभर अंतरावर टाकायचे. दीड-दोन महिन्यांत फुलं. मोहरी त्याहून लवकर फुलते. बडीशेप, मेथी, ओवा, कुजायला आलेला कोंब फुटलेला कांदा, कशालाही नाही म्हणू नका. कांद्याचा गोट पुरला की माघात पांढरा चेंडू वर येतो आणि त्यावर दिवसभर माश्यांची जत्रा असते. सगळं एकदम पेरू नये. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकलं तर माघापासून चैत्रापर्यंत काहीतरी फुललेलं राहतं. पंगत मोठी असण्यापेक्षा ती न मोडणं महत्त्वाचं.

ही पंगत पूर्वी रानात होती. सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी पेरली की तिच्या कडेनं करडईचे पाटे असत. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे, तेल घरचं होई आणि थंडीत पिवळी, पुढं केशरी होत जाणारी फुलं माश्यांना मिळत. जवसाची निळी फुलं असत. आता आमच्या भागात नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, केळी आहे. जवळच माळीनगरला सासवडच्या माळ्यांनी 1932 मध्ये स्वतःचा साखर कारखाना काढला; फुलं-भाजीपाल्याची जात ऊस लावू लागली, यात मला नेहमी गंमत वाटत आलीय. उसाला नावं ठेवायची माझी टाप नाही, घर त्यावरच चाललंय. पण उसाचा तुरा वाऱ्याचा सोयरा, आणि केळीला फळ धरायला कुणाची गरज लागत नाही. माशीच्या दृष्टीनं तो हिरवागार दुष्काळ. ज्या जिल्ह्यात एका तालुक्याचं नावच मोहोळ आहे तिथं ही स्थिती.

गरज पडते ती डाळिंबाला. आंबे बहार धरणारे शेतकरी थंडीत बागेचं पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडतात, आणि माघाच्या आसपास बाग लालेलाल होते. जवळून पाहिलंत तर फुलं दोन प्रकारची दिसतील: घंटेच्या आकाराची, तळाशी निमुळती, ती नर, गळून जाणारी, आणि तळाशी चंबूसारखी फुगीर, ती फळ धरणारी. परागकण इकडून तिकडं न्यायला मधमाशी मोठी मदत करते. म्हणून अलीकडं बहाराच्या वेळी बागेत पेट्या ठेवायची पद्धत रुजतेय. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेही जाऊन बघण्यासारखं. पण एकीकडं पेट्या आणि दुसरीकडं भर दहा वाजता फवारा, असं चालत नाही. युरोपनं इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या दोन भावंडांचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला, त्यामागं मधमाश्याच होत्या. आपल्याला फवारावंच लागलं, तर माश्या घरी परतल्यावर, दिवेलागणीला फवारावं. बागेत मी ते अजिबात करत नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या रानातला फवारा वाऱ्यानं आला, तर दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीच्या वाफ्याखाली पंचवीस-तीस माश्या मरून पडलेल्या मी मोजल्या.

फुलपाखरांसाठी फुलं पुरत नाहीत, हे मला उशिरा कळलं. फुलावर ती जेवायला येतात. राहायला त्यांना पोरांच्या खाण्याचं झाड लागतं. लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर भिंतीवरचं ते काळं-पिवळसर फुलपाखरू अंडी घालतं. अळी सुरुवातीला थेट चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि त्यावर पांढरा डाग, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की पानासारखी हिरवी. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पहिल्यांदा घरच्यांनी अळ्या वेचून बाहेर टाकल्या. आता कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, एक फोडणीचं आणि एक अळ्यांचं. कुंपणाची रुई मी तोडू देत नाही, कारण काळ्या-पांढऱ्या किनारीचं केशरी फुलपाखरू तिच्यावर वाढतं. कुंडीतल्या पानफुटीच्या पानात बोगदे दिसले तर झाडाला रोग नाही, आत एका चिमुकल्या, लाल-काळ्या-पांढऱ्या फुलपाखराचं पोर आहे. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं; पण ती रानभर पसरते, मुद्दाम लावू नये.

जमीनही सगळी झाकू नका. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या मातीत बीळ करून राहतात. आपण अंगणभर शहाबादी फरशी घालतो आणि मग भोपळ्याला फळ का धरत नाही म्हणून विचारतो. वाफ्याच्या कडेची दोन हात जागा मी उघडी, कोरडी ठेवलीय. गुलाबाच्या पानाला कुणी कंपासनं काढल्यासारखा गोल काप घेतला असेल, तर तो पानकापी माशीचा; ती घरट्याला त्याचं अस्तर लावते. गुलाबाला त्यानं काही होत नाही.

आणि तुळस. हिच्याएवढं माश्यांचं झाड दुसरं नाही, आणि ती दारात आहेच; आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते तेव्हा बायांच्या डोक्यावरही असते. मंजिऱ्या खुडल्या की झाड टिकतं, म्हणून आपण त्या खुडतो, बरोबरच आहे. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आमच्याकडंही रोज निघतात. तुळशीचं लग्न झालं की त्याच मंजिऱ्या मागच्या दारी ओळीनं मांडलेल्या सहा जुन्या डब्यांत चोळून टाकतो. ती रोपं खुडायची नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वाफे चैत्रात वाळून जातात, कोथिंबिरीचे धने घरात येतात, पण त्या डब्यांना रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी पडतं. शेजारी मातीच्या परातीत खडे टाकून पाणी ठेवलेलं असतं, कारण खोल पाण्यात माश्या बुडतात. वैशाखात दुपारी सगळं गाव दारं लावून झोपतं, तेव्हा त्या सहा डब्यांपाशी आणि परातीच्या काठावर गर्दी असते.