क्रॉस कंपायलरची निवड

शेतातील पंपाचा स्वयंचलित स्टार्टर, घरातील विजेचा इलेक्ट्रॉनिक मीटर, दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजणारे यंत्र, या सर्वांच्या पोटात आज नखाएवढा संगणक दडलेला असतो. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि स्मृती तर फारच तोकडी. विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या 'आर्डुइनो उनो' संचातील चिपमध्ये आज्ञावलीसाठी 32 किलोबाइट व चालू माहितीसाठी केवळ 2 किलोबाइट जागा असते. एवढ्याशा जागेत कंपायलर चालविता येत नाही. म्हणून आज्ञावली टेबलावरील संगणकावर लिहून तेथेच तिचे चिपच्या यंत्रभाषेत रूपांतर करण्यात येते. एका संगणकावर चालून दुसऱ्यासाठी यंत्रभाषा सिद्ध करणारा असा जो कंपायलर, तोच क्रॉस कंपायलर होय.

निवडीचा पहिला निर्णय चिपच करते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेला 'जीसीसी' विनामूल्य असून एव्हीआर, आर्म तसेच रिस्क-फाइव्ह या कुळांसाठी उपलब्ध आहे. मद्रास आय.आय.टी.चा 'शक्ती' व सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्ह कुळातलेच. परंतु तंत्रनिकेतनांतून शिकविला जाणारा इंटेलचा 8051 जीसीसीच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी विनामूल्य 'एसडीसीसी' अथवा एखादा व्यापारी कंपायलर घ्यावा लागतो. व्यापारी कंपायलरच्या विनामूल्य आवृत्तीत पुष्कळदा आज्ञावलीच्या आकारावर मर्यादा असते; ती काम अर्ध्यावर आल्यावर ध्यानात येते, हे वाईट.

याहून महत्त्वाची बाब कंपायलर देत असलेल्या इशाऱ्यांची. समजा, विहिरीत पाणी नसल्यास पंप एका मिनिटाने बंद व्हावा, म्हणून सी भाषेत 60 गुणिले 1000 मिलिसेकंद अशी मर्यादा लिहिली. टेबलावरील संगणकात साधा पूर्णांक 32 बिटांचा असल्याने तेथील चाचणीत उत्तर 60,000 येते. एव्हीआरच्या जीसीसीत तोच पूर्णांक 16 बिटांचा, म्हणजे 32,767 पर्यंतच. गुणाकार त्याबाहेर जाऊन उणे 5,536 होतो. आणि ही संख्या चिन्हरहित 32 बिटांच्या मर्यादेत साठविली की ती मर्यादा सुमारे 49 दिवसांची होऊन बसते! तोवर कोरडा चाललेला पंप जळून जाईल. कंपायलर या ओळीवर इशारा देतो, मात्र आज्ञावली तयारही करून देतो. म्हणूनच इशारे स्पष्ट देणारा कंपायलर घ्यावा आणि ते वाचावेत.

एकदा यंत्रे गावोगावी बसली की कंपायलरची आवृत्ती सहसा बदलू नये. नव्या आवृत्तीत त्याच आज्ञावलीचा आकार व वेग बदलू शकतो. कंपायलरचे नाव, आवृत्ती व वापरलेले पर्याय यंत्राच्या नोंदवहीत लिहून ठेवल्यास पाच वर्षांनी दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला तीच आज्ञावली पुन्हा तयार करता येते.