समाधानाचा आकडा आणि तासाचे बारा डॉलर

परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके मी गेली काही वर्षे जमवतो आहे. पुण्या-मुंबईच्या शैक्षणिक मेळाव्यांत ती फुकट मिळतात. चकचकीत कागद, हिरवळीवर हसत बसलेली चार देशांची मुले, आणि कोपऱ्यात एक आकडा: आमचे इतके टक्के आंतरराष्ट्रीय विद्यार्थी समाधानी आहेत. घर तारण ठेवून कर्ज काढणारे आईवडील त्या आकड्यावर बोट ठेवून वाचतात. आकडा बहुधा खोटा नसतो. पण तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारून मिळवला, हे पत्रकात कुठेच नसते. विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन विद्यापीठ सुधारण्याची ही पद्धत आली कुठून आणि तिने खरोखर काय साधले, याचा मागोवा मला त्या कोपऱ्यातल्या आकड्यामुळेच घ्यावासा वाटला.

या पद्धतीचे एक मूळ ऑस्ट्रेलियात आहे. पॉल रॅम्सडेन या शिक्षणतज्ज्ञाने १९९१ साली अभ्यासक्रमाच्या अनुभवाविषयीची एक प्रश्नावली मांडली. शिकवणे स्पष्ट होते का, कामाचा बोजा झेपेल इतका होता का, मूल्यमापन न्याय्य होते का, असे तिचे स्वरूप होते. ब्रिटनने २००५ साली सुरू केलेली 'नॅशनल स्टुडंट सर्व्हे' ही पाहणी बरीचशी याच धर्तीवर बेतली गेली. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारली जाते. इथेच आपल्या मुलांची गोष्ट संपते, कारण भारतातून ब्रिटनला जाणारे बहुसंख्य विद्यार्थी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात. त्या पाहणीच्या दाराशी ते येतच नाहीत. त्यातून निम्म्या विद्यार्थ्यांनी उत्तरे दिल्याशिवाय आणि किमान दहा उत्तरे असल्याशिवाय निकाल जाहीर होत नाही. नियम रास्त आहे. पण एखाद्या विभागात चारच परदेशी मुले असली तर त्यांचे वेगळे म्हणणे सरासरीत विरघळून जाते.

(या पाहणीच्या वजनाची कल्पना २०१७ साली आली. तिचे निकाल फीवाढीशी जोडले जाणार म्हणून विद्यार्थी संघटनांनी बहिष्कार टाकला आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या विद्यापीठांतही निम्मी उत्तरे जमली नाहीत. न भरलेला फॉर्म हेही एक उत्तरच होते.)

खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची 'इंटरनॅशनल स्टुडंट बॅरोमीटर' ही पाहणीही २००५ सालचीच. ती आगमन, शिक्षण, राहणीमान आणि साहाय्य असे भाग पाडून विचारते. विद्यापीठे पैसे भरून तिच्यात सहभागी होतात आणि आपली तुलना इतरांशी करून घेतात. तिचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. विमानतळावर घ्यायला कोणी येते का, बँकेचे खाते उघडायला किती हेलपाटे पडतात, अशा गोष्टी तोवर कुलगुरूंच्या टेबलापर्यंत जात नसत. आकडा आला की त्या जातात. पुढे विद्यापीठांच्या भिंतींवर 'तुम्ही सांगितलेत, आम्ही केले' अशी भित्तिपत्रके लागू लागली. ग्रंथालयाच्या वेळा वाढल्या, स्वागताचे कार्यक्रम सुधारले.

अडचण 'समाधानी आहात का' या शब्दांचीच आहे. समाधान हे अपेक्षेशी बांधलेले असते. लाखो रुपये खर्चून गेलेल्या मुलाला आपला निर्णय चुकला असे स्वतःशीही कबूल करवत नाही. शिवाय विचारणारे विद्यापीठच असते, आणि व्हिसाची कागदपत्रेही तेच सांभाळत असते. फॉर्म निनावी आहे असे वर लिहिले म्हणून ही भीती जात नाही.

मेलबर्नमध्ये २००९ साली भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, मुले रस्त्यावर उतरली, आपल्या वाहिन्यांनी दिवसरात्र तेच दाखवले. त्या सुमारास दोन वेगळ्या प्रकारची कामे झाली, आणि माझ्या मते दोन्ही समाधानाच्या आकड्यापेक्षा मोलाची आहेत. पहिले एर्लेनावती सावीर, सायमन मार्जिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या दोनशे परदेशी विद्यार्थ्यांशी समोर बसून बोलणी केली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांनी एकटेपणा अनुभवल्याचे सांगितले. मित्र असूनही आपली भाषा, आपल्या चालीरीती आसपास नसल्याची जी पोकळी उरते, तिला या अभ्यासकांनी 'सांस्कृतिक एकटेपणा' असे वेगळे नाव दिले. 'राहणीमानाबद्दल समाधानी' या चौकटीवर खूण करणारा मुलगाही या पोकळीत असू शकतो.

दुसरे काम ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेचे, २०११ सालचे. पोलिसांच्या नोंदीत राष्ट्रीयत्व धडपणे नसते, म्हणून या संस्थेने २००५ ते २००९ या काळातील विद्यार्थी-व्हिसाच्या नोंदी पोलिसांकडच्या नोंदींशी जुळवल्या. मारहाणीचे प्रमाण भारतीय विद्यार्थ्यांत सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा एकंदरीत जास्त निघाले नाही, पण मोठ्या राज्यांत लुटीचे प्रमाण जास्त निघाले. त्यांतल्या बऱ्याच लुटी पेट्रोल पंप आणि दुकाने अशा व्यापारी जागी घडलेल्या होत्या. म्हणजे मुले रात्रपाळीला जिथे उभी होती तिथे. वांशिक हेतू होता की नव्हता, हे त्या नोंदींतून ठरवता आले नाही. मात्र प्रश्न वर्गातून आणि वसतिगृहातून निघून नोकरीच्या जागेवर आला.

हा धागा लॉरी बर्ग आणि बसिना फार्बेनब्लम या सिडनीच्या दोन कायदेतज्ज्ञ बाईंनी पुढे नेला. त्यांनी २०१६ साली तात्पुरत्या व्हिसावरील लोकांची ऑनलाइन पाहणी केली. प्रश्नावली इंग्रजीखेरीज आणखी बारा भाषांत होती. ४,३२२ जणांनी ती भरली, त्यांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी. समाधान विचारलेच नाही. विचारले ते असे: सर्वांत कमी पगाराच्या नोकरीत तासाला किती मिळत होते? चारांत एका विद्यार्थ्याला बारा डॉलर किंवा त्याहून कमी, आणि ४३ टक्क्यांना पंधरा किंवा कमी. कायदेशीर किमान वेतन तेव्हा सतरा डॉलरच्या वर होते.

लोक स्वतःहून येऊन भरतात अशी ही पाहणी, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी साऱ्या देशाला लावता येत नाही. तरी तिने एक समज मोडला. मुलांना कायदा ठाऊक नसतो, म्हणून माहितीपत्रके वाटा, असे तोवर मानले जाई. प्रत्यक्षात आपण कमी पगारावर आहोत हे बहुतेकांना माहीत होते. तक्रार करणारे दहांत एकसुद्धा नव्हते.

कारण साधे आहे. त्या काळी सत्र चालू असताना पंधरवड्याला चाळीस तासांहून अधिक काम करायला व्हिसा परवानगी देत नसे. मालक साठ-सत्तर तास राबवून घेई आणि कागदावर चाळीसच दाखवी. मुलगा तक्रार घेऊन गेला की सर्वप्रथम त्याच्याच व्हिसाचा भंग उघडा पडणार. हे मालकालाही ठाऊक आणि मुलालाही. अशा मुलाला तुम्ही शंभर वेळा 'विद्यापीठाच्या साहाय्य-सेवेबद्दल समाधानी आहात का' असे विचारा, तो 'हो' म्हणेल आणि कामावर जाईल.

याच अभ्यासकांच्या पुढच्या पाहण्यांची आणि कामगार संघटना व विधी-सल्ला केंद्रांच्या रेट्याची फळे १ जुलै २०२४ला दिसली. शोषण झालेल्याने नोकरीविषयक अटी मोडल्या असल्या तरी, तक्रार रीतसर प्रमाणित झाल्यास व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण देणारे नियम ऑस्ट्रेलियात लागू झाले. व्हिसाची भीती घालून राबवून घेणे हा फौजदारी गुन्हा ठरला. प्रश्नाचा शब्द बदलल्यापासून कायदा बदलेपर्यंत आठ वर्षे लागली. सरकारी कामाच्या हिशेबात मला हे लवकरच वाटते.

उलट दिशेनेही पाहायला हवे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. सर्वाधिक नेपाळचे, आणि आफ्रिकी देशांतलेही बरेच. पुणे हे त्यांचे जुने ठिकाण. आपल्याकडे 'नॅक'च्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान पाहणी आहे. तिच्यात वीस प्रश्न आहेत: अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण न्याय्य असतात का. सगळे प्रश्न अध्ययन-अध्यापनाचे. खोली भाड्याने मागायला गेल्यावर किती घरमालकांनी दार लावून घेतले, हे सुदानच्या किंवा नायजेरियाच्या मुलाने सांगायचे ठरवले तर त्याला एकविसावा प्रश्न उरतो. तिथे मोकळी जागा आहे आणि सूचना अशी आहे: अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठी तीन निरीक्षणे किंवा सूचना लिहा.