गटनियम, भूमिका आणि प्रौढ विद्यार्थी

मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर आपल्यापैकी काहीजण व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतात आणि ‘संघटनात्मक वर्तन’ या विषयापाशी अडखळतात. अडचण काही अंशी परिभाषेची असते. शिवाय या विषयातील संज्ञा अखेर आपल्याच वागण्याकडे बोट दाखवतात आणि ते अधिक अवघड. त्यांपैकी दोन येथे पाहू : गटनियम आणि भूमिका.

शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात १४ कामगारांच्या एका तुकडीचे निरीक्षण करण्यात आले. मोबदला तुकडीच्या एकूण उत्पादनावर अवलंबून होता. तरीही दिवसाच्या कामाची एक मर्यादा त्यांच्यात आपसूक ठरलेली होती. ती ओलांडणाऱ्याची टिंगल होई. अशा अलिखित संकेताला गटनियम म्हणतात.

येथे गट माणसाला रोखतो. तो माणसाला वाढवतो केव्हा, हे पाहण्यासाठी खानदेशाबाहेर जावे लागत नाही. त्याच १९३२ मध्ये, २१ फेब्रुवारी ते १९ जून असे १८ रविवार, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर मराठीत बोलले. तुरुंगाच्या औपचारिक रचनेत वक्ता आणि त्याचे सहबंदी यांची भूमिका एकच : कैदी. रविवारच्या गटात मात्र कोणी बोलणारा झाला, कोणी ऐकणारा आणि एकजण लिहून घेणारा. ते साने गुरुजी. आजच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी त्यांनी १९३० मध्ये सोडली होती. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यांच्या टिपणांतून उभा राहिला. लेखनिकाला गौण मानण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. वाक्य कोठे संपले, कोणता शब्द सांभाळायचा, वक्त्याचा आवाज नसताना अर्थ टिकेल का, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते. नुसत्या श्रोत्यावर ही जबाबदारी नसते.

आता आपले संपर्कसत्र आठवा. नोकरी, शेती, घर सांभाळून आलेल्या वर्गात ‘शंका विचारून इतरांचा वेळ घेऊ नये’ असा नियम नकळत रुजतो. तो कोणीही केलेला नसतो, आणि म्हणूनच मोडायला कठीण जातो.

कृती : पुढील सत्रात लेखनिकाची भूमिका आपण घ्या. ‘गटनियम’ ही संज्ञा प्रथम घरी अहिराणीत अथवा आपल्या बोलीत समजावून सांगा. नंतर तेच प्रमाण मराठीत १० ओळींत लिहा. बोलीतून येताना काय निसटले, ते समासात नोंदवा.