एकतीस नंबरचा खेळाडू

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मैदानाच्या कडेला पंधरा-वीस प्रेक्षक, त्यांतले निम्मे आपल्याच वर्गातले. जिमखान्याने दिलेले, मापात न बसणारे कपडे. सामना संपल्यावर केळी आणि ग्लुकोज. जिंकलो तर सूचनाफलकावर चार ओळी आणि वार्षिकांकात एक छायाचित्र. अमेरिकेत मात्र महाविद्यालयीन बास्केटबॉल हा फार मोठा व्यवसाय आहे. इतका, की त्याचे व्हिडिओ गेम निघाले, घरोघरी टीव्हीला जोडून खेळले गेले आणि शेवटी त्यांच्यावरूनच एक खटला उभा राहिला. या गेमची आणि खटल्याची हकीकत क्रीडांगणाकडे न फिरकणाऱ्या वाचकांनाही विचार करावयास लावील असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाविषयी थोडे. आपण खेळतो तो सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा असतो आणि चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. अमेरिकन महाविद्यालयांतील मुलांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चेंडू फेकण्याची मुदत २०१५ पासून तीस सेकंद, त्यापूर्वी पस्तीस. या सैलपणामुळे तेथे प्रशिक्षकाच्या डावपेचांना अधिक वाव मिळतो. मोसमाच्या अखेरीस अडुसष्ट संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. एक सामना हरला की संघ घरी! तिला तिकडे ‘मार्च मॅडनेस’, म्हणजे मार्चमधले वेड, म्हणतात. घरगुती कन्सोलवरील गेमनी नेमके हेच वेड विकले. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात असे गेम काढण्यास आरंभ केला. त्यांत खरी विद्यापीठे होती, त्यांचे गणवेश होते, प्रेक्षकांच्या घोषणासुद्धा होत्या.

फक्त खेळाडूंची नावे नव्हती. पाठीवर क्रमांक तेवढा असे. याचे कारण तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, नियमांत होते. १९०६ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे तत्त्व असे, की विद्यार्थी हा हौशी खेळाडू आहे. त्याने शिष्यवृत्ती घ्यावी, परंतु आपल्या नावावर किंवा चेहऱ्यावर पैसा मिळवू नये. नाव वापरले तर मोबदल्याचा प्रश्न येणार, म्हणून नाव गाळले. परंतु क्रमांक खरा, उंची खरी, वजन खरे, रंग खरा, डावखुरा असेल तर तेही खरे! विकत घेणाऱ्याला आपल्या आवडत्या खेळाडूला ओळखण्यासाठी याहून अधिक काय हवे? मला तर ही युक्ती आपल्याकडील जुन्या बायकांच्या नाव न घेण्यासारखी वाटते. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, पण कोणाविषयी बोलणे चालले आहे ते सगळ्या आळीला ठाऊक.

एड ओबॅनन हा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा खेळाडू. १९९५ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे व्यावसायिक खेळात त्याचा फारसा जम बसला नाही आणि तो मोटारी विकण्याच्या धंद्यात पडला. २००८ मध्ये तो एका मित्राकडे गेला असता मित्राच्या मुलाने त्याला सांगितले, की तुम्ही तर आमच्या गेममध्ये आहात. मुलाने गेम लावला. पडद्यावर यूसीएलएच्या वेशात ३१ क्रमांकाचा, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा खेळाडू धावत होता. त्याची परवानगी कोणी घेतली नव्हती आणि त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. शिक्षण संपून तेरा वर्षे झाली होती. ‘तू विद्यार्थी आहेस, पैशाचे नाव काढू नकोस’ हा युक्तिवाद त्याला लागू करणे मुळातच हास्यास्पद होते.

२००९ च्या जुलैत ओबॅननने दावा लावला. त्याच सुमारास सॅम केलर या फुटबॉलपटूनेही लावला. कंपनीचे म्हणणे असे, की गेम ही कलाकृती आहे आणि कलावंताला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. हा मुद्दा आपल्याला एकदम उडवून लावता येणार नाही. कादंबरीकार ओळखीच्या माणसांवरून पात्रे रचतोच की! परंतु २०१३ मध्ये दोन अपील न्यायालयांनी फुटबॉल गेमच्या प्रकरणांत एक कसोटी लावली: मूळ माणसाचे रूपांतर करून काही नवे निर्माण केले आहे काय? येथे तर खेळाडू मैदानावर जे करीत होता तेच पडद्यावर करीत होता. म्हणजे गंमत पाहा, गेम जितका अचूक, तितका कंपनीचा बचाव लंगडा. आणि अचूकपणा हीच तर जाहिरात होती! मला न्यायालयाचे म्हणणे पटते. कादंबरीकार माणसातून पात्र घडवितो; येथे केवळ नाव खोडले होते.

कंपनीने व तिच्या परवाना-भागीदाराने मिळून चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली, एनसीएएने आणखी दोन कोटी दिले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती क्लॉडिया विल्किन यांनी ओबॅननच्या दाव्यात एनसीएएचे मोबदलाबंदीचे नियम स्पर्धाविरोधी ठरविले. अपिलात त्या निर्णयाचा काही भाग रद्द झाला, तरी मूळ निष्कर्ष टिकला. या गडबडीत गेम मात्र बंद पडले. बास्केटबॉलचा शेवटचा गेम २००९ च्या अखेरीस आला, फुटबॉलचा २०१३ मध्ये. चाहते ओबॅननला दूषणे देत राहिले. पुढे जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये फुटबॉलचा गेम परतला तो खेळाडूंच्या खऱ्या नावांसह. प्रत्येकाला देऊ केले होते सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत. रक्कम मोठी नाही. पण विचारले तरी!

आपल्याकडे? २००६ च्या अखेरीस आलेला ‘क्रिकेट ०७’ हा गेम भारतात अफाट खेळला गेला, पण परवाना नसल्याने त्यात आपल्या खेळाडूंची नावे मोडूनतोडून दिलेली होती. याउलट २०१७ मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने सचिन तेंडुलकरांशी रीतसर करार करून त्यांच्या नावाने ‘सचिन सागा’ हा गेम काढला. कायद्याचे म्हणाल, तर प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावर व आवाजावर तिचा हक्क आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणी मानले, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये क्रिकेटपटूंची नावे व आकडेवारी ही सर्वांना खुली असलेली माहिती आहे, असे म्हटले. ही सारी नामवंतांची प्रकरणे. विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या, कोणाला फारशा ठाऊक नसलेल्या मुलामुलींचे काय?

माझा एक मित्र विद्यापीठ संघातून बास्केटबॉल खेळला. गेल्या वर्षी कॅनडा कॉर्नरला एका खाजगी क्लासच्या फलकावर चेंडू घेऊन उडी मारतानाचे त्याचे छायाचित्र झळकले, ‘यशाकडे झेप’ अशा काही शब्दांसह. त्या क्लासची पायरी तो कधी चढला नव्हता. ओबॅननची हकीकत मी त्याला सविस्तर सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “अरे, पण फोटो चांगला आला होता. फलक उतरवला तेव्हा मागून आणला असता तर बरे झाले असते.”