आजीला विचारा, वहीत लिहा!

दोस्तांनो, पुस्तक घेऊन कधी फिरायला गेलात? मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ लायब्ररीतून आणा आणि थेट नवेगावबांधचा तलाव गाठा. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, रानातल्या माणसांकडून झाडापाखरांची नावं शिकले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हा शब्द त्यांनीच मराठीत रुजवला.

२०२५ मध्ये ते गेले. आता ही नावं जपायची कुणी? आपणच ना! एक वही करा. अंगणात गळलेलं पान चिकटवा, खाली आजी सांगेल ते नाव लिहा. जून-जुलैत मोहाचं ताजं बी कुंडीत लावा. ठेवून दिलं तर रुजत नाही. नावांचंही तसंच, आजी आहे तोवर विचारून घ्या.

५ नोव्हेंबरला, चितमपल्लींच्या जन्मदिनी, राज्यात पक्षी सप्ताह सुरू होतो. तोवर पंचवीस नावं जमवायची. लागा कामाला!